सहावी ‘ब’ची मळमळ

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलेलं होतं, पण आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाची मळमळ एकाच मुलाकडे ठेवायला दिलेली असते.

पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी ती सगळ्यांना थोडी थोडी व्हायची. प्रार्थनेला उन्हात उभं राहिलं की कुणीतरी मटकन खाली बसायचं, चाचणीच्या दिवशी दोघं-तिघं नळाकडे पळायची आणि शिपाईमामा दिवसभर राखेची बादली घेऊन वर्गावर्गातून फिरायचे. मग एका वर्षी शिक्षकांच्या सभेत असं ठरलं की एवढ्याशा मळमळीसाठी अख्ख्या वर्गाचा खोळंबा करण्यापेक्षा ती एका सत्रापुरती एकाच विद्यार्थ्याकडे द्यावी. त्या विद्यार्थ्याला धारक म्हणतात. बाकीचे एक्केचाळीस जण निवांत डबा खातात. वर्ग वर चढला की त्याची मळमळही वर जाते. दर सत्राच्या पहिल्या सोमवारी कंपासपेटीतून चिठ्ठी काढतात आणि नवा धारक ठरतो.

धारकाला दाराजवळचा बाक मिळतो आणि कवायत माफ असते. त्याने मळमळ रोज घरी न्यायची आणि रोज परत आणायची. वाटेत ती कुठे ठेवायची नाही, लहान भावंडांना द्यायची नाही. पालकांनी तशी सही द्यावी लागते. आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. साडेचार महिन्यांचा प्रश्न असतो, आणि एकदा पाळी येऊन गेली की सहसा पुन्हा येत नाही.

यंदा जूनमध्ये सहावी ‘ब’ची चिठ्ठी मैथिली सातपुतेची निघाली.

मैथिली आमच्याच बोळात राहते. तिचे वडील मागावर काम करतात. आमच्या गावात सकाळपासून मागांचा खडखडाट चालू असतो. तो इतका चालू असतो की आम्हाला तो ऐकू येत नाही, थांबला की मगच सगळे दचकतात. मी नववीत आहे. शाळेत जाता-येता आम्ही दोघी बरोबर असतो, म्हणून तिचं बरंच मला ठाऊक आहे. ती बारीक आहे, वेणी घट्ट घालते, आणि उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करते.

प्रत्येक हस्तांतराला वरच्या वर्गातला एक साक्षीदार लागतो. शक्यतो कमी बोलणारा. सहावी ‘ब’साठी मला निवडलं होतं.

हस्तांतर प्रयोगशाळेत होतं. देणारा आणि घेणारा समोरासमोरच्या बाकांवर बसतात. मध्ये टेबलावर कोमट पाण्याचं फुलपात्र असतं. देणाऱ्याने एक घोट घ्यायचा आणि फुलपात्र पुढे सरकवायचं, घेणाऱ्याने उरलेलं पाणी संपवायचं. मग दोघांनी वहीत सही करायची. एवढंच. कार्यालयातले हिरेमठ सर हे सगळं बघतात. ते अठरा वर्षं बघत आहेत.

या वेळी अडचण अशी होती की देणारी मुलगी हजर नव्हती. प्रांजल नावाच्या त्या मुलीचं कुटुंब मे महिन्यात सुरतेला गेलं. तिच्या वडिलांना तिथल्या मागांवर काम मिळालं होतं. अशा वेळी काय करायचं ते नियमात दिलेलं आहे. देणाऱ्याचा बाक रिकामा ठेवायचा, फुलपात्र त्या बाकासमोर एक प्रार्थना होईपर्यंत ठेवायचं आणि मग घेणाऱ्याला द्यायचं. गैरहजर धारकाची मळमळ तेवढ्यात येऊन पोहोचते.

तसंच केलं. हिरेमठ सरांनी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. मैथिली मांडीवर हात ठेवून बसली होती. मी फुलपात्राकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचत नव्हतं. प्रार्थना निम्मी झाली असेल तेव्हा फुलपात्रातलं पाणी एका घोटाने कमी झालं.

मग सरांनी फुलपात्र मैथिलीकडे सरकवलं आणि तिने ते संपवलं. वहीत साक्षीदाराचा शेरा या रकान्यात मी ‘व्यवस्थित’ असं लिहिलं.

पहिले काही आठवडे मैथिलीने नेटाने काढले. सकाळी चहाचा वास आला की तिच्या पोटात ढवळायचं, तोंडाला पाणी सुटायचं, आणि ती खिडकीच्या गजाला कपाळ लावून उभी राहायची. आई आलेपाकाच्या वड्या कागदात बांधून द्यायची. डब्यातली चपाती ती कडेकडेने कुरतडायची आणि उरलेली घरी आणायची. हे सगळं धारकाला होतंच.

तिला भीती वाटायला लागली ती श्रावणात. त्यांच्या शेजारचे लिंबाजीकाका मागच्या दिवाळीत वारले होते. ते मागांचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे, आणि एका हाताने सायकल उचलायचे. त्यांचं दुखणं सुरू झालं ते अगदी साध्या गोष्टीने. एक दिवस ते ताटावरून उठले आणि म्हणाले, आज नको वाटतंय. पुढे पोटात गाठ निघाली आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं.

मैथिलीच्या मनात आलं की समजा आपल्याला आपली स्वतःची मळमळ सुरू झाली आणि ती वर्गाच्या मळमळीमागे लपून बसली, तर ते कळणार कसं.

एकदा हा विचार आला तो गेलाच नाही. ती रोज सकाळी आरशात जीभ बघायला लागली. पोट चार ठिकाणी दाबून बघायची, मग नाडी मोजायची, आणि विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहायची. आईला विचारायची, माझा हात गार लागतोय का. आई म्हणायची, नाही गं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारायची, आता. मावशीच्या फोनवर तिने पोटाचे आजार वाचले आणि त्यातले सात तिला लागू पडले. शाळेत जाताना ती मधेच थांबायची आणि म्हणायची, “ताई, माझ्या डोळ्यांत पिवळं दिसतंय का बघ.”

मी बघायचे. पिवळं नसायचं.

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

“उजेडात ये ना जरा.”

शेवटी तिची आई तिला डॉक्टर उपाध्यांकडे घेऊन गेली. डॉक्टर गावातल्या सगळ्या मुलांना ओळखतात. गणवेशातलं मूल आत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“वर्गाची की स्वतःची?”

“वर्गाची,” आई म्हणाली. “पण तिला वाटतंय स्वतःची पण असेल.”

“धारक आहे ना यंदा?” डॉक्टरांनी मैथिलीचं पोट दाबलं, टकटक केली, डोळ्यांत बॅटरी मारली. “वर्गाचीच आहे. औषध देता येणार नाही, वहिनी. मी इथं गोळी दिली की तिकडं मळमळ कमी भरते, आणि पुढच्या सत्रात शाळा माझ्याकडे विचारणा करते.”

“पण वर्गाचीच आहे हे कशावरून?” मैथिलीने विचारलं. ती मोठ्या माणसांशी सहसा बोलत नाही.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. “नोव्हेंबरात दिलीस की जाते की नाही बघ. गेली तर वर्गाची.”

“आणि नाही गेली तर?”

“जाते,” डॉक्टर म्हणाले. “पुढचा पेशंट.”

त्या दिवसापासून मैथिलीने नोव्हेंबरवर सगळं टाकलं. कॅलेंडरवर तिने त्या सोमवारभोवती पेन्सिलीने बारीक गोल केला, कुणाला दिसू नये इतका बारीक. तिचं म्हणणं साधं होतं. त्या दिवशी मळमळ गेली तर ती जगणार होती. नाही गेली तर ती लिंबाजीकाकांसारखी जाणार होती. दिवाळीत तिने एकही चकली खाल्ली नाही. त्या आठवड्यात माग बंद होते आणि बोळात इतकी शांतता होती की तिला आपल्या पोटातला आवाज ऐकू यायचा.

नोव्हेंबरात चिठ्ठी इरफान मोमीनची निघाली. इरफान सगळ्या वर्गाला हसवतो. प्रयोगशाळेत येताना तो पेशवाईत आल्यासारखा वाकून मुजरा करत आला.

“मोमीन, बस खाली,” हिरेमठ सर म्हणाले.

“सर, पाण्यात जरा रसना टाकली असती तर.”

“बस.”

मैथिलीने घोट घेतला आणि फुलपात्र सरकवलं. या वेळी दोन्ही बाकांवर माणसं होती. मी पाण्याकडे फार लक्ष देऊन बघितलं, ते एका घोटानेच कमी झालं होतं. इरफानने उरलेलं पाणी एका दमात प्यायलं, फुलपात्र खाली ठेवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी फडक्याने पुसल्यासारखं गेलं.

“पूर्ण मिळाली?” सरांनी विचारलं.

इरफानने मान हलवली. त्याला तोंड उघडायचं नव्हतं. त्याने सही केली आणि तो भिंतीला धरून वर्गातल्या दाराजवळच्या बाकाकडे गेला.

मैथिली वर्गात आपल्या जुन्या जागी, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. तिने बोटांवर शंभर मोजले. मग पुन्हा शंभर मोजले. मळमळ होती तशीच होती.

तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. घरी सगळ्यांना वाटलं ती सुटली, म्हणून आईने शिरा केला. मैथिलीने तो खाल्ला आणि न्हाणीघरात जाऊन ओकून काढला, आवाज येऊ नये म्हणून बादलीत नळ सोडून. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती बंद पिठाच्या गिरणीपाशी थांबली.

“ताई, गेली नाही.”

मी तिचे डोळे बघितले, पिवळं नव्हतं.

“आता ती माझीच आहे,” मैथिली म्हणाली. तिने ते रडत नाही सांगितलं. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं सांगितलं. “मी वर्षभरसुद्धा नाही जगणार. आईला कसं सांगायचं ते तू सांग.”

मी तिला हाताला धरून कार्यालयात नेलं. मी आपणहून कार्यालयात कधी गेले नव्हते.

हिरेमठ सरांनी चष्मा लावून वही काढली. “मोमीनला पूर्ण मिळालेली आहे. त्याची सही आहे. सकाळीच तो माझ्या दारात ओकला, त्यामुळे शंकेला जागा नाही. म्हणजे तुझ्याकडे आहे ती सहावी ‘ब’ची नाही.”

“मग माझी आहे का, सर?”

“ते मी नाही सांगू शकत. दुसऱ्या वर्गाची आहे का ते बघू.” त्यांनी पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या धारकांना एकेक करून बोलावून घेतलं. बारा वर्ग, बारा मुलं. व्हरांड्यात ती रांगेने उभी राहिली, सगळी सारखीच फिकट. प्रत्येकाची मळमळ ज्याच्या त्याच्याकडे होती.

“रविवारी होते का तुला?” सरांनी मैथिलीला विचारलं.

“होते.”

“रविवारी शाळेचीही होते. त्यावरून काही ठरत नाही.” त्यांनी एक कागद लिहून शिक्का मारला. “डॉक्टरांकडे जा. तुझी असेल तर तुझी असं लेखी आणायचं, नसेल तर नाही असं लेखी आणायचं. तोंडी चालणार नाही.”

या वेळी डॉक्टर उपाध्यांनी सगळं केलं. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी. दोन दिवस मैथिली चालायची ती पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी. मग रिपोर्ट आले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले, पंखा बंद करून तिसऱ्यांदा वाचले, आणि शाळेच्या कागदाच्या मागे लिहिलं: सदर मळमळ खरी आहे. ती कु. मैथिली सातपुते हिची नाही.

हिरेमठ सरांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला.

“शाळेची नाही. तुझी नाही,” ते म्हणाले. “कागदोपत्री ती कुणाचीच नाही.”

“पण सर, ती मला होतीये.”

“तुला होतीये हे मान्य आहे. कुणाची आहे, एवढाच प्रश्न आहे. मळमळ अशी अधांतरी नसते, बाळ. ती कुणाला तरी व्हावी लागते, तेव्हाच ती असते.” त्यांनी वहीत जूनचं पान काढलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जूनमध्ये साक्षीदार तू होतीस ना?”

मी तेव्हा सांगितलं. पाणी प्रार्थनेच्या मध्यावर कमी झालं ते सांगितलं.

“किती कमी झालं?”

“एक घोट.”

“मोठ्या माणसाचा की लहान मुलाचा?”

“लहान मुलाचा.”

सरांनी ते टिपून घेतलं. “तेव्हा का बोलली नाहीस?”

“मला वाटलं तसंच असतं.”

“तसं नसतं,” सर म्हणाले. “गैरहजर धारकाची मळमळ येते, पाणी नाही जात. प्रांजलची मळमळ आली, ती इरफानकडे गेली. पण त्या बाकावर आणखी कुणीतरी येऊन बसलेलं होतं. त्या आलेल्या मुलीने घोट घेतला आणि आपलीही मळमळ फुलपात्रात सोडली.” त्यांनी नियमावली काढली आणि पेनाने त्यात एक ओळ वाढवली. मी उलटी वाचली. बाक रिकामा ठेवावा, याच्यापुढे त्यांनी ‘व तो रिकामा असल्याची खात्री करावी’ असं लिहिलं. “ही चूक शाळेची आहे. बाक रिकामा ठेवा असं आम्ही सांगत होतो, पण रिकामा आहे का ते बघा असं अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही.”

मी हे सगळं लिहिते आहे ते त्या एका शब्दासाठी. ‘व्यवस्थित’ असं मी लिहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मैथिलीच्या आईला बोलावलं. सरांनी प्रवेशाचा कोरा अर्ज पुढे ठेवला.

“हा कुणाचा?” आईने विचारलं.

“ज्या विद्यार्थिनीची मळमळ आहे तिचा. सहावी ‘ब’मध्ये प्रवेश देतोय. हजेरी क्रमांक त्रेचाळीस. पत्ता तुमचा घालावा लागेल.”

“आमचा? अहो सर, दोन खोल्यांत आम्ही चौघं. तिला ठेवू कुठं?”

“ती जूनपासून राहतेच आहे, वहिनी. फक्त कागदावर यायची आहे.”

आईने पदर सारखा केला. मग हळूच विचारलं, “मुलगीच आहे का पण?”

“मैथिलीला विचारा.”

“मुलगी आहे,” मैथिली म्हणाली.

“तुला गं काय माहीत?”

“ती विचारते ना मला.”

“काय विचारते?”

“पोटात गाठ आहे का. डोळे पिवळे आहेत का. हात गार आहे का. मी तेच तुला विचारायचे.” मैथिली बोलता बोलता थांबली, जणू तिलाही ते तेव्हाच उमगत होतं. “मला वाटायचं ते प्रश्न माझे आहेत. पण लिंबाजीकाका मला माहीत आहेत. तिला माहीत नव्हते. दर वेळी मला तिला त्यांचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.”

बाहेर शिपाईमामा घंटेच्या दोरीला गाठ मारत होते. आईने पेन घेतलं आणि पालकाच्या जागी सही केली. नावाच्या रकान्यात सरांनी आडवी रेघ ओढली. वय अंदाजे अकरा लिहिलं, घोटावरून.

सोमवारपासून सहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका मुळीक बाई हजेरी घेताना बेचाळीसनंतर त्रेचाळीस म्हणायला लागल्या. मैथिलीशेजारची जागा मोकळी करून दिली होती. पहिले तीन दिवस बाई त्रेचाळीस म्हणायच्या, थोडं थांबायच्या आणि ‘गैरहजर’ मांडायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी डोकं वर न करता ‘हजर’ मांडलं आणि पान उलटलं. मधल्या सुट्टीत दुसऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “उत्तर आलं की मांडायला नको का?”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मैथिलीने डबा उघडला. चपाती आणि मेथीची भाजी होती. तिने एक घास खाल्ला आणि वाट बघितली. काही झालं नाही. दुसरा खाल्ला. मग सगळा डबा संपवला, झाकणाला लागलेलं तेलसुद्धा बोटाने पुसून घेतलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलीने दिलेलं लोणचंही खाल्लं. सहा महिन्यांनी तिला मेथी कडू असते हे पुन्हा कळलं. घरी येताना ती एकदाही थांबली नाही. माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, आणि मला वाटलं की आता कुणीतरी माझ्या मागे चालत असेल, पण मी वळून बघितलं नाही.

दाराजवळच्या बाकावरून इरफान आता म्हणतो, “ए त्रेचाळीस, एवढी सांभाळतीस त्यात माझी पण घे की थोडी. तुला काय फरक पडणारय?”

“इरफान,” मुळीक बाई म्हणतात, “ज्याची त्याने सांभाळायची. तिला आधीच बरं नाही.”

तिला बरं नाही हे खरं आहे. तिच्या बाकावरची लाकडी पट्टी कायम थोडी ओलसर असते, तळहात घट्ट टेकून बसल्यावर होते तशी. मैथिली तिला आलेपाकाची वडी देते, म्हणजे बाकावर ठेवते. शाळा सुटताना वडी तिथेच असते, पण तिची चव गेलेली असते. आम्ही एकदा चाखून बघितली.

डॉक्टर उपाध्यांनी तिलाही तपासलं. मैथिली आणि तिची आई घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, वर्गाची की स्वतःची, आणि मैथिलीने सांगितलं, हिची स्वतःची. मग तपासायच्या टेबलावर कुणीच नसताना डॉक्टरांनी तिथे बराच वेळ स्टेथोस्कोप धरला. नंतर त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुतले.

“काही झालेलं नाही तिला,” ते म्हणाले. “पोट मऊ आहे. ठोके जरा जलद आहेत, ते घाबरल्यामुळे. मी लिहून देतो.”

त्यांनी लिहून दिलं आणि शिक्का मारला. पण लिहून दिलेल्यावर तिचा विश्वास दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणते, तो कागद परवाचा आहे, आजचं काय. हे मैथिलीला बरोबर समजतं. ती चिडत नाही. उजेडाकडे तोंड करायला सांगते आणि म्हणते, पिवळं नाही. नीट बघितलं. हो, अगदी नीट.

मैथिलीच्या आईलाही आता सवय झाली आहे. परवा संध्याकाळी मी साखर मागायला गेले तर काकू कणीक मळत होत्या आणि पिठाच्या डब्याकडे बघून म्हणत होत्या, “काही होत नाही गं बाळा, एवढ्याने कुणी मरत नसतं, बस बघू माझ्याजवळ.” मी विचारलं, मैथिली आहे का. काकू म्हणाल्या, ती शिकवणीला गेलीय. आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या.

नाव मात्र अजून ठेवलेलं नाही. हिरेमठ सर म्हणतात, ते तिने सांगायला हवं, आपण ठेवून चालणार नाही. मैथिलीने तिला विचारलं होतं. तिने उलट विचारलं, नाव असलं की पुढे काय काय होतं.

आज रविवार आहे. सकाळचे अकरा वाजलेत. मी आमच्या वरच्या गॅलरीत बसून हे लिहिते आहे आणि मैथिली शेजारी पाय लांब करून खारे शेंगदाणे खाते आहे. तिचं वजन पावणेतीन किलोने वाढलंय. टरफलं ती माझ्या वहीवर टाकते आणि मी ती फुंकरीने उडवते. विज्ञानाच्या वहीचं ते शेवटचं पान तिने फाडून टाकलंय. मी तिला विचारलं, आता तुला मरायची भीती वाटते का. ती जरा विचार करून म्हणाली, “माझी नाही वाटत.”

खाली जिन्यापाशी कुणीतरी हाक मारतंय. ताई, अशी. आवाज बारीक आहे आणि मैथिलीसारखाच आहे, फक्त जरा ओला. मैथिली उठायला लागली, पण तिच्या ओंजळीत अजून शेंगदाणे आहेत, आणि सकाळपासून ती चार वेळा खाली जाऊन आलीय. मी तिला म्हटलं, तू बस, या वेळी मी जाते. आता पुन्हा हाक आली. ताई, जरा बघ ना, माझ्या पोटात काहीतरी. काय बघायचं ते मला येतं, उजेडात उभं करायचं, डोळे बघायचे आणि हात हातात घेऊन सांगायचं की काही नाही, अगदी नीट बघितलं.